दिनूच्या नावाची सव्वा मूठ

धुळ्याच्या स्टँडवर सुरतेची गाडी लागली तेव्हा माझा धाकटा भाऊ दिनू खिडकीखाली उभा होता. मास्क त्याने हनुवटीवर ओढून ठेवला होता आणि मी आतून खुणेने तो वर कर, वर कर म्हणत होते. एकवीस सालचा फेब्रुवारी होता. पहिली लाट ओसरली होती, गाड्या पुन्हा भरून धावायला लागल्या होत्या, लग्नाच्या पत्रिका वाटल्या जात होत्या. संपलं एकदाचं, असं जो तो म्हणत होता. दिनूने तर परस्पर निकालच देऊन टाकला होता, "ताई, आते काही नही. ते गयं." गाडी हलली तसा त्याने पत्र्यावर हात थोपटला आणि ओरडला, "पोहचनी की फोन कर!"

माहेराहून निघताना दर वेळी माझे डोळे भरून येतात, आणि साक्रीपर्यंत ते कोरडेही होतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याचं काही विशेष नसतं. पण त्या दिवशी मला रडू आलं नाही. मला भीती वाटत होती. कोंडाईबारीचा घाट उतरेपर्यंत मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते, कारण त्याच सकाळी माझ्या आईने, आम्ही तिला माय म्हणतो, मला परसात नेऊन एक गोष्ट सांगितली होती.

तुम्ही जे गावाकडे राहिलात त्यांना आणि जे माझ्यासारखे तापीच्या पाण्यासोबत खाली सुरतेला येऊन पडलात त्यांनाही मी हे लिहिते आहे. ती वर्षं आपण सगळ्यांनी काढली. दोष कुणाचा, हे शोधणारी शहाणी माणसं पुष्कळ आहेत. ते काम मी त्यांच्यावर सोडलं आहे. मला फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगायचं आहे.

खानदेशात कानबाईचे रोट कसे करतात हे आपल्याला माहीत आहे, पण आपली सुरतेत वाढलेली पोरं हे वाचतील म्हणून सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून तिचा मुखवटा करतात, चौरंगावर मांडतात, रात्रभर जागवतात आणि सोमवारी वाजत-गाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचे रोट करायला जे गहू दळायचे, ते कसेही मापून घ्यायचे नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. पाळण्यातल्या बाळाचीही सव्वा मूठ, म्हाताऱ्याचीही सव्वा मूठ. बायकांच्या नावाने का नाही, हे मी लहानपणी विचारलं होतं आणि त्यावर माझ्या पाठीत एक धपाटा बसला होता.

आमच्याकडे नावं घ्यायचं काम अक्काचं. अक्का म्हणजे आमची थोरली काकू, शेजारच्याच घरात राहते. ती मोठ्याने नाव घ्यायची आणि माय मूठ टाकायची. एकीचं तोंड, दुसरीचा हात. दोघीजणी लागतात त्याचं कारण उघड आहे. एकीचं चुकलं तर दुसरीने धरायचं. आणि चुकायचं नाहीच. ज्याची मूठ राहिली तो कानबाईच्या नजरेतून राहिला, असं आमच्याकडे मानतात. त्याच्या पुढे काय होतं ते कुणी बोलत नाही. ते न बोलण्यातच सगळं आलं.

वीस सालच्या श्रावणात मात्र अक्का आली नाही. कुणीच कुणाकडे जात नव्हतं. भावकीत ज्याने त्याने आपापल्या घरात कानबाई बसवायचं ठरवलं. माय एकटीच सूप घेऊन बसली, तोंडाला पदर बांधून. तोंड बांधलेलं, म्हणून नावंही मनातल्या मनात, आधी आमच्या वडिलांचं, नानांचं. आणि नेमकं त्याच वेळी खालच्या गल्लीत ती पांढरी गाडी आली, कुणाला तरी न्यायला.

माय मला परसात सांगत होती, ती हळू आवाजात, तुळशीपासूनसुद्धा लपवल्यासारखं.

"सुमन, एक गोट सांगस. कोनले सांगजो नको. तुन्हा नानानं नाव लिधं, मूठ टाकी. मंग ती गाडी उनी. मी दारमा जाईसन देखं. परत बठनी तं माले याद नही."

"काय याद नही?"

"दिनूनं नाव लिधं का नही."

मी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. पाचवीच्या पोरांना विज्ञान शिकवते, ग्रहणात जेवलं तर काही होत नाही हे दर वर्षी घसा ताणून सांगते. मी मायला म्हणाले, दिनूचं नाव घेतलंच असशील गं, हाताला सवय असते. आणि नसलं घेतलं तरी गव्हाने काय होणार आहे? ती मान डोलावत राहिली. मग म्हणाली, "दळन व्हयी गयं व्हतं. फेर काय करू?" श्रावण उलटून पाच-सहा महिने झाले होते. एवढे दिवस ती हे एकटीच पोटात घेऊन दिनूला जेवायला वाढत होती.

खरं सांगते, गाडी नवापूरला पोहोचली तोवर माझं विज्ञान माझ्यापाशी उरलं नव्हतं.

सुरतेत मी सुमनबेन आहे. आमच्या उधन्याच्या सोसायटीत निम्मी घरं खानदेशातली, पण वीस वर्षांत सगळ्यांच्या तोंडी गुजराती बसली आहे. भाजीला मी शाक म्हणते, रजेला रजाच म्हणते पण हेल गुजरातीचा लागतो, आणि काहीही झालं तरी 'चालशे' म्हणून पुढे जाते. हे 'चालशे' मला फार आवडतं. गावाकडे असा शब्द नाही. गावाकडे प्रत्येक गोष्ट कुणाला तरी लागते, खुपते, बाधते. इथे चालून जातं. माझा नवरा साड्यांच्या मार्केटमध्ये पॅकिंगचं बघतो. मुली इंग्रजी शाळेत शिकतात आणि अहिराणी ऐकली की हसतात. लग्न करून आले तेव्हा या शहराचा मला राग यायचा, लूमच्या खटखटीने डोकं उठायचं. आता ती खटखट बंद पडली तर जाग येते. टाळेबंदीत ती सलग बंद होती आणि सारी सोसायटी जागी होती. आमच्याच लोकांचे घोळके बोचकी घेऊन धुळ्याच्या रस्त्याला लागलेले मी गॅलरीतून बघितले आहेत.

त्या फेब्रुवारीनंतर मी रोज घरी फोन करायला लागले. आधी रविवारी करायचे. माय विचारायची, काय वं, काही काम व्हतं का? मी म्हणायचे, नाही, सहजच. आणि मग सहजच विचारायचे, दिनू काय करतोय? तिला कळायचं मी का विचारते, मला कळायचं तिला कळलं आहे, आणि आम्ही दोघी पावसापाण्याचं बोलायचो. होळी झाली. दिनू नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला होता, तिथे पाळीवर माणसं कमी पडायला लागल्याचं त्याने सांगितलं. मग आमच्या शाळेतले एक सर गेले. मग समोरच्या बिल्डिंगमधले काका. सुरतेत अँब्युलन्सचा आवाज एवढा सतत यायचा की माझी धाकटी मुलगी खेळता खेळता तो आवाज काढायला लागली. मी तिला मारलं. नंतर जवळ घेतलं, पण आधी मारलं.

एप्रिलमध्ये दिनूला ताप आला. माझी भावजय वैशाली फोनवर म्हणाली, "ताई, साधा ताप शे." तिच्यामागे माय उभी असणार, हे मला इथून दिसत होतं.

पुढचं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते तुमच्याही घरात किंवा शेजारी झालं आहे. धुळ्यात खाट मिळेना. कुणाकुणाला फोन केले, कुणाच्या कुणाच्या ओळखी काढल्या. शेवटी दिनूच्या मित्राने जळगावला एक खाट मिळवली. अमळनेरमार्गे गाडीने नेलं, मांडीवर सिलिंडर धरून. डॉक्टर, नर्स, वॉर्डातली माणसं झोपेवाचून उभी होती, हे वैशालीने मला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. तिला आत सोडत नव्हते. ती बाहेर निंबाच्या झाडाखाली बसून असायची, आणखी कितीतरी बायकांसोबत. एकमेकींची नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण कुणाचं माणूस कोणत्या मजल्यावर ते ठाऊक होतं. मी त्या वेळी उधन्यात स्वतःच तापाने पडले होते. एकदा तिने व्हिडिओ कॉल जोडून दिला. दिनूच्या नाकातोंडावर मास्क होता, आता अगदी बरोबर लावलेला. त्याने हात हलवला. बोलता येत नव्हतं तरी बोलला, "मायले सांगजो नको, मी आठे कसा शे ते."

दोन दिवसांनी तो गेला. त्याला घरी आणता आलं नाही. जळगावलाच सगळं झालं, माणसं वैशालीला लांबून नमस्कार करून गेली आणि नंतर एक मडकं मिळालं. नाना ते मडकं मांडीवर घेऊन गाडीत बसून आले. मायने मडक्याकडे पाहिलं नाही. तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, असं वैशाली सांगते. तिला वाटलं सासूबाईंच्या हाताला काही लागलं आहे. ते पाहणं म्हणजे काय, हे फक्त मला माहीत होतं आणि मी तापात, घाटापलीकडे, एका बंद खोलीत पडले होते. त्या वेळी मला जे वाटलं त्याला दुःख म्हणायला मी तयार नाही. मला वाटलं, आता माय जगत नाही.

ती जगली. पण तिने घरातल्या गव्हाला हात लावणं सोडलं. दळण वैशाली काढायची, पीठ वैशाली मळायची. माय भाजी निवडायची, भांडी घासायची, धान्याची कोठी उघडायची वेळ आली की उठून परसात जायची. लोकांना वाटलं पोराच्या दुःखाने अन्नावरची वासना उडाली. सुतकामुळे पहिल्या वर्षी कानबाई बसलीच नाही, ते रीतीला धरूनच होतं. दुसऱ्या वर्षी भाऊबंद म्हणाले, आता बसवा. माय म्हणाली, "मन्हा हात नको." तिसऱ्या वर्षीही तेच. कारण विचारलं की भांडी घासायला बसायची. वैशाली तोवर अमळनेरला कापडाच्या दुकानात कामाला लागली होती, रोज एसटीने येऊन-जाऊन. तिला एकच घोर लागला होता. घरात आता पुरुष दोनच, नाना आणि तिचा लहानगा वेदांत. बापाच्या माघारी तिच्या लेकराच्या नावाची मूठ एकदाही पडली नव्हती. आणि मायला भीती होती ती नेमकी उलटी. आपल्या हाताने वेदांतची मूठ पडली तर त्याचंही काही होईल. एकीला वाटत होतं मूठ न टाकल्याने पोर जाईल, दुसरीला वाटत होतं टाकल्याने जाईल. मधे ते पोर, आंघोळीला कंटाळणारं, आजीच्या मागेमागे फिरणारं. वेदांतला साधी सर्दी झाली तरी त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

आमच्या गावात त्या दिवसांची खूण म्हणून काहीच नाही. दगड नाही, पाटी नाही, दिवसही ठरलेला नाही. बाहेरून पाहिलं तर सगळं पहिल्यासारखं आहे, केळीचे ट्रक सावद्याकडून येतात-जातात, लग्नांत डीजे वाजतो. सुरतेतही तसंच. त्या एप्रिल-मेच्या दिवसांचा विषय कुणी काढत नाही. काढला तर समोरचा म्हणतो, जवा दो ने, सुमनबेन. मीही जाऊ देते. पण घराघरांत ते दिवस बसून आहेत. दार लावलं की ते बोलायला लागतात.

गेल्या श्रावणात मी रजा काढून गेले. वैशालीचा फोन आला होता, "ताई, यंदा तुम्ही या. मायशी तुम्हीच बोला. मन्हाथीन आते व्हत नही." गेले तेव्हा आभाळ चार दिवस भरून नुसतं लटकलेलं होतं, पडत नव्हतं. शनिवारी दुपारी वैशालीने ओटा सारवला, सूप मांडलं, निवडलेले गहू परातीत ठेवले आणि जात्याजवळ बसून राहिली. अक्काला तिने बोलावून आणलं होतं. अक्का आता वाकली आहे, काठी टेकत आली. वेदांत अंगणात होता. मी माहेरवाशीण, म्हणजे या कामात पाहुणी. उंबऱ्याशी बसले.

माय परसात निघाली तशी वैशालीने तिचा पदर धरला. इतक्या वर्षांत त्या पोरीने सासूपुढे आवाज चढवला नव्हता. म्हणाली, "माय, तुम्हले मन्हा पोऱ्या नको शे का? एक सांगा. नको शे का?"

माय भिंतीला धरून खाली बसली. आणि मग जी गोष्ट तिने मला तुळशीपासूनही लपवून सांगितली होती ती तिने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितली. ती गाडी, तो पदर बांधलेला, ते मनातल्या मनात घेतलेलं नाव, घेतलेलं की न घेतलेलं. "मन्हा हातथीन गया तो," म्हणाली. "मन्हा पोऱ्या मन्हा हातथीन गया."

वैशालीच्या चेहऱ्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. आपल्या नवऱ्याला कुणी मारलं, याचं उत्तर तिला आत्ता मिळालं होतं आणि ते या घरात तिच्यासमोर बसलं होतं. त्या क्षणी ती काहीही म्हणू शकली असती. मला वाटलं हे घर आता मोडलं. मी उठून मधे जायला निघाले.

तेवढ्यात अक्का बोलली. ती जमिनीकडे पाहत होती.

"मी त्या सालले बठ्ठास्ना नाव लिधात. मोठा आवाजमा लिधात. एकबी चुकनं नही." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तरी मन्हा दोन्ही गयात ना वं."

अक्काचा नवरा आणि थोरला मुलगा दिनू गेला त्याच लाटेत, एकाच आठवड्यात गेले होते. हे गावाला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. पण तिनेही त्या वर्षी एकटीनेच, शेजारच्याच भिंतीपलीकडे, मूठ टाकली होती, एकही नाव न चुकवता, हे आम्ही कधी मनातच आणलं नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? मी सगळं बरोबर केलं, असं कुणाला सांगतात? मायकडे निदान दोष द्यायला एक हात होता. अक्काकडे तेवढंही नव्हतं.

वैशाली उठली. तिने मायचा उजवा हात धरला, गव्हाच्या परातीत नेऊन ठेवला आणि आपला हात त्यावरून काढला नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिने मायला माफ केलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तिला पोरासाठी तो हात हवा होता, एवढं मात्र दिसलं.

अक्काने नाव घेतलं. नानांचं. मायची मूठ पडली, मग पाव मूठ. आणि मग, अक्काने पुढचं नाव घ्यायच्या आत, मायच्या तोंडून निघून गेलं, "दिनू." हात परातीतून निघून सुपावर जाऊन उघडलाही होता. गहू पडले.

गेलेल्या माणसाच्या नावाने रोटाची मूठ टाकत नाहीत. तसं कधी झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून त्याने काय होतं हेही कुणाला माहीत नाही. वैशालीचं तोंड पांढरं पडलं. मायचा हात तसाच हवेत. अंगणात वेदांत होता, तो गप्प झाला की काय म्हणून अक्का सोडून आम्ही तिघींनी एकदम बाहेर पाहिलं. तो चप्पल शोधत होता.

अक्का म्हणाली, "राहू दे. आते त्याले काय होई?"

आणि तिने वेदांतचं नाव घेतलं, भिंती हलतील अशा आवाजात.

रोट झाले. कानबाई बसली, सोमवारी गेली. वेदांत ठीक आहे. हे लिहिताना मी थांबले आणि फोन करून विचारून घेतलं, ठीक आहे. माय आता गव्हाला हात लावते. पण बरी झाली असं मी म्हणणार नाही. अजूनही दळताना मधेच थांबते आणि जात्याभोवती हात फिरवून काही सांडलं का बघते.

मला कुणी विचारतं, तुमचं घर कुठलं, तर पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, नंतर उधना सांगायला लागले. दोन्हीही आता खरं वाटत नाही. गावात मी पाहुणी आणि इथे सुमनबेन. पण ज्या भीतीने माझी माय दळताना थांबते ती माझ्यासोबत घाट उतरून आली आहे, आणि ती जिथे राहते तिथेच मी राहते. घर म्हणून मला आता तेवढंच ओळखता येतं. संध्याकाळी कुकर लावताना मी माप वापरत नाही. माझ्याही नकळत मुठीने तांदूळ घेते आणि ओठातल्या ओठात नावं घेते. नवऱ्याचं, मोठीचं, धाकटीचं, नानांचं, मायचं, वैशालीचं, वेदांतचं. बायकांची नावंही घेते, आता पाठीत धपाटा घालायला कुणी नाही. घाटापलीकडची चार माणसं काही इथे जेवायला येत नाहीत, हे मलाही कळतं. परवा तोंडातून दिनूचंही नाव गेलं. मूठ उघडली होती. मी ते तांदूळ डब्यात परत टाकले नाहीत.

त्या रात्री भात फार उरला. नवऱ्याने पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एकदा भात वाढून घेतला.